दोन रुपयांच्या नोटेवरचं यान

२० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर गेले. दुसऱ्या दिवशी पेपरांनी पानं भरभरून लिहिलं: केंब्रिज, हॉइल, आयुका, नाशिकचं साहित्य संमेलन. ते यायलाच हवं होतं. पण त्याच आठवड्यात जालन्यात पुस्तकाच्या दुकानांतून त्यांचं ‘यक्षांची देणगी’ मागत फिरलो, तर मिळालं नाही. गाईडं होती, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे होते. एका दुकानदारानं विचारलं, “कोणत्या वर्गाला आहे ते?” हा प्रश्न मला अजून टोचतो. महिन्याभरानं, २५ जूनला, शुभांशु शुक्ला अवकाशात गेले, राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी. गावात पेढे वाटले गेले. पेढ्यांचा आनंद मलाही झाला, दुकानातला सल मात्र गेला नाही.

दोन हजारनंतरच्या टीव्हीबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. केबलवर शंभर चॅनेलं आली आणि त्यांतलं एकही जीव लावून पाहिल्याचं आठवत नाही. माझं दशक सुरू झालं ३ एप्रिल १९८४ ला, शर्मा सोयुझमधून उडाले त्या दिवशी. जालना जिल्हा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, तोही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच्यासमोर रविवारी सकाळी अख्खी गल्ली मांडी घालून बसायची.

दूरदर्शनवर तेव्हा ‘स्टार ट्रेक’ लागायची. इंग्रजीत. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून संवाद आम्हीच रचायचो. कप्तान कर्क चिडलाय, टोकदार कानांचा स्पॉक त्याला समजावतोय, असं आम्ही ठरवलं की तसंच घडायचं. दुपारी नदीकाठी तोच भाग मराठीत पुन्हा व्हायचा, त्यात कुंडलिकेचा खडकाळ काठ हा परका ग्रह. माणूस एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उमटतो, हे तर आम्हाला वेड लावणारं होतं. यान दर भागात ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चाचं, म्हणून निर्मात्यांनी ती युक्ती काढली, हे फार पुढं वाचलं. पैशाच्या अडचणीतून इतकी सुंदर कल्पना निघाली, याचं मला कौतुक वाटतं. आमचीही सगळी यानं अडचणीतूनच निघाली होती.

जालना हे भंगाराचं गाव. री-रोलिंग मिलांकडं ट्रक भरभरून लोखंड जायचं, नि रस्त्यात जे सांडायचं ते पोरांचं. बियाणं विकणाऱ्या या गावात भाजीच्या बियाण्याचे पत्र्याचे रिकामे डबेही मिळायचे. तो डबा म्हणजे यानाचं धड. पुढची तबकडी दोन झाकणं एकमेकांवर बसवून. मागची दोन इंजिनं म्हणजे टॉर्चचे संपलेले सेल, सायकलच्या तुटक्या तारांनी जोडलेले. डिंकानं पत्रा धरत नसे, म्हणून उन्हाळ्यात रस्त्यावरचं मऊ झालेलं डांबर काडीनं उकरून आणायचं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वरून. दिव्यासाठी अर्धमेले सेल गच्चीवर उन्हात तापवायचे, की थोडा वेळ बल्ब लागायचा. आणि नमुना? दोन रुपयांच्या नोटेमागं आर्यभट उपग्रहाचं चित्र होतं, १९७५ साली सोडलेल्या आपल्या पहिल्या उपग्रहाचं. नोट डोळ्यांजवळ धरून आम्ही त्याचे कोन मोजायचो. आमच्या यानाचं नावही ‘आर्यभट’च.

ते यान आम्ही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नेलं. परीक्षक सरांनी हातसुद्धा लावला नाही. “कामून आणलं हे भंगार?” एवढंच विचारलं, आणि बक्षीस दिलं विकत आणलेल्या ज्वालामुखीला. त्या ज्वालामुखीच्या तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. इतक्या वर्षांनंतरही माझं मत बदललेलं नाही: बक्षीस आमचं होतं.

मग दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, आपल्या माणसांची, हिंदीत बोलणारी. तिच्यातला खलनायक जखाकू आमच्या गल्लीत बरीच वर्षं शिवीसारखा वापरात होता. ‘इंद्रधनुष’मध्ये मुलांनी जुळवलेल्या कॉम्प्युटरमधून देवयानी दीर्घिकेतला राजपुत्र बाहेर पडायचा. जालन्यात तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेला मुलगा विरळा. ‘टर्निंग पॉइंट’मध्ये प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि तो माणूस कोणत्याही प्रश्नाला हसत नसे. नारळीकरांचंही तसंच. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. सही उत्तराखाली मिळेल.

वाचनालयात नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा हाती लागली, त्या दिवशी मी कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली. मोबियसची पट्टी. तिच्यावर पेन्सिल न उचलता रेघ ओढत गेलो, तर रेघ दोन्ही बाजूंवर उमटून जिथून निघाली तिथंच आली. उजव्याचं डावं कसं होतं, हे त्या कथेनं देव्हाऱ्यातल्या गणपतीवरून समजावलं. परक्या ग्रहाची गरजच उरली नाही. कर्क-स्पॉकवर माझं प्रेम आहे, पण विज्ञानकथा आपल्या घरातून सुरू होऊ शकते, हे मला नारळीकरांनी शिकवलं.

१९९८ मध्ये केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’ आला, मिलिंद सोमण देखणा होता. तोवर आमची टोळी पांगली होती आणि धाकटी पोरं ट्यूशनला लागली होती. त्यांच्यातलं कुणी डांबर उकरताना दिसलं नाही.

आज चांद्रयान पुठ्ठ्याच्या सुट्या तुकड्यांत, नंबर टाकून, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. आई-बाप रात्री बसून ते जोडतात, सकाळी पोरगं ते शाळेत मिरवतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयानाचा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा सगळं जालनं टीव्हीसमोर होतं. ते उतरवणाऱ्यांमध्ये लहानपणी डबे कापणारे किती असतील, हा विचार शाळांनी करायला हवा. रोज संध्याकाळी टीव्हीवर सासवा-सुनांचे तेच कट चालतात. त्याऐवजी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ची कुणीतरी मराठीत मालिका करून दाखवा. प्रदर्शनात विकतचं मॉडेल आलं तर दारातूनच परत पाठवा. भंगाराला जालन्यात आजही तोटा नाही. पोरांच्या हाती पक्कड आणि पत्रा कापायची कात्री तेवढी द्या.