मंत्र जाणणारा गुप्तहेर चित्रचौकटीत उतरतो तेव्हा

महानगराच्या गल्लीबोळांत भुताखेतांचा वावर आहे आणि त्यातून घडणाऱ्या गुन्ह्यांचा छडा मंत्रविद्या जाणणारा एखादा गुप्तहेर लावतो, असा कथाप्रकार गेल्या पंचवीसेक वर्षांत इंग्रजीत चांगलाच रुजला आहे. त्याला नागरी अद्भुतकथा म्हणता येईल. अमेरिकेतील जिम बुचर यांची ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ आणि ब्रिटनमधील बेन ॲरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या त्यातील दोन गाजलेल्या मालिका. दोन्ही पुढे ग्राफिक नॉव्हेलच्या, म्हणजे चित्रकादंबरीच्या रूपातही आल्या. कादंबरी चित्रांत आणताना काय हाती लागते आणि काय निसटते, हे त्यांच्या प्रवासातून स्पष्ट दिसते.

‘द ड्रेस्डेन फाइल्स’ची पहिली कादंबरी ‘स्टॉर्म फ्रंट’ 2000 साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतील धंदेवाईक जादूगार. टेलिफोन डिरेक्टरीत जादूगार म्हणून नाव असलेला तो एकटाच, आणि चमत्कारिक प्रकरणांत पोलीस त्याचाच सल्ला घेतात. ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही कादंबरी 2011 मधील. तिचा नायक पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीस दलातील तरुण शिपाई. खुनाच्या जागी पहारा देत असताना त्याला एक साक्षीदार भेटतो. तो साक्षीदार भूत निघतो आणि तेथून पीटरची मंत्रविद्येतील उमेदवारी सुरू होते. या जगात थेम्स आणि तिला मिळणाऱ्या नद्या यांच्या देवता माणसांच्या रूपात शहरात नांदतात. गावागावांत राखणदाराला मानणाऱ्या गोव्यातील वाचकाला स्थळदेवतेची ही कल्पना परकी वाटणार नाही.

दोन्ही मालिका प्रथमपुरुषी निवेदनात लिहिलेल्या आहेत, आणि रूपांतराची पहिली अडचण तेथेच उभी राहते. वाचक ड्रेस्डेनच्या किंवा ग्रँटच्या बोलण्याला भुललेला असतो. एकाचा कडवट विनोद, दुसऱ्याची लंडनच्या इमारतींवरील तिरकस टिपणी, संकटाच्या क्षणी मनात उमटणारा नको तो विचार, हे सारे निवेदनात असते. चित्रकथेत या आवाजाला चौकटीच्या कोपऱ्यातील दोन-तीन ओळींत बसावे लागते. त्या ओळी वाढल्या की चित्र झाकले जाते. कमी केल्या तर नायक इतर गुप्तहेरांसारखाच वाटू लागतो.

दुसरी अडचण जागेची. इंग्रजी चित्रकथेचा मासिक अंक साधारण 22 पानांचा असतो. असे चार अंक एकत्र केले की एक खंड होतो, म्हणजे जेमतेम 88 पाने. एका पानावर पाच-सहा चौकटी आणि प्रत्येकीत मोजके संवाद, एवढ्या ऐवजात तीनशे पानांची कादंबरी मावत नाही. कात्री लागते ती बहुधा उपकथानकांना आणि गौण पात्रांना. पण रहस्यकथेत गौण पात्रांतच संशयित दडलेले असतात. चार संशयितांपैकी दोघे वगळले तर अपराधी कोण, हे वाचकाला आधीच कळते.

तिसरी अडचण पुराव्याची. गद्यात लेखक खोलीतील दहा वस्तूंची नावे घेता घेता अकरावी, खरी महत्त्वाची वस्तू सहज सांगून जातो. वाचकाच्या नजरेखालून ती निसटते, आणि शेवटी तो स्वतःवरच चरफडतो. चित्रकाराला मात्र ती वस्तू काढावीच लागते. ठळक काढली तर रहस्य फुटते, कोपऱ्यात पुसट काढली तर वाचकाला फसवल्यासारखे होते. त्यामुळे चांगला चित्रकार सगळ्या वस्तू सारख्याच बारकाईने रेखाटतो आणि नजर दुसरीकडे वळवण्याचे काम पात्रांच्या हालचालींवर सोपवतो.

ड्रेस्डेनच्या चित्ररूपाचा इतिहास या अडचणींच्या प्रकाशात पाहण्यासारखा आहे. 2008 मधील ‘वेलकम टू द जंगल’ ही पहिली चित्रकथा कोणत्याही कादंबरीचे रूपांतर नव्हती. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात घडणारी, ‘स्टॉर्म फ्रंट’च्या आधीच्या काळातील ही नवी कथा बुचर यांनी स्वतः लिहिली आणि इंडोनेशियाच्या आर्दियान स्याफ यांनी चितारली. ह्यूगो पुरस्कारांत 2009 साली चित्रकथांचा स्वतंत्र विभाग प्रथमच सुरू झाला. त्यात तिला नामांकन मिळाले. त्यानंतर मार्क पॉवर्स यांनी ‘स्टॉर्म फ्रंट’चे दोन खंडांत रूपांतर केले आणि पाठोपाठ ‘फूल मून’ ही दुसरी कादंबरीही चित्रांत आणली. क्रमवार रूपांतर तेथेच थांबले. 2013 च्या ‘गूल गॉब्लिन’पासून ‘डायनामाइट’ या प्रकाशनसंस्थेने कादंबऱ्यांच्या मधल्या काळात घडणाऱ्या नव्या कथा काढल्या.

लंडनच्या मालिकेने हीच वाट आरंभापासून धरली. 2015 मध्ये ‘टायटन कॉमिक्स’ने ‘बॉडी वर्क’ प्रकाशित केली, तेव्हा पहिली कादंबरी पुन्हा सांगण्याच्या फंदात कोणी पडले नाही. ॲरोनोविच आणि अँड्र्यू कार्टमेल यांनी मोटारीभोवती फिरणारे नवे प्रकरण रचले आणि ली सलिव्हन यांनी ते चितारले. या दोघा लेखकांची जोडी जुनी आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेचे पटकथा-संपादन कार्टमेल यांच्याकडे होते आणि ॲरोनोविच त्या मालिकेसाठी लिहीत होते. दृश्यातून कथा सांगण्याचा हा सराव चित्रकथेत उपयोगी पडणारा होता.

चित्रांनी दिलेले दानही मोठे आहे. ड्रेस्डेनचा सल्लागार बॉब हा एका कवटीत राहणारा आत्मा. 2007 च्या दूरचित्रवाणी मालिकेत त्याला माणसाच्या आकाराचे भूत करण्यात आले. चित्रकाराला अशी तडजोड करावी लागत नाही. कवटी काढायला जेवढी शाई लागते, तेवढीच राक्षस काढायलाही पुरते. पीटर ग्रँटची आई सिएरा लिओनहून आलेली. कादंबरीत त्याचा वर्ण निवेदनाच्या ओघात अधूनमधून येतो. चित्रात तो प्रत्येक चौकटीत समोर असतो. पोलीस ठाण्यातील साध्या प्रसंगालाही त्यामुळे न बोलता अर्थ येतो.

मधल्या काळातील कथांना मर्यादाही आहे. पुढच्या कादंबरीत नायक जिवंत आहे, हे वाचकाला ठाऊक असते. जगाची घडी बदलेल असे काही त्यांत घडवता येत नाही. म्हणून त्या स्वयंपूर्ण प्रकरणे म्हणूनच उभ्या राहतात. वाचकानेही कादंबरीला पर्याय म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. मालिकेत नव्याने शिरणाऱ्याने पहिली कादंबरी आधी वाचावी. मग चित्रातील नायकाचा आवाज त्याच्या कानात आपोआप उमटतो.

मराठीत या कथाप्रकाराशी जवळचे नाते सांगणाऱ्या कथा म्हणजे नारायण धारप यांच्या, अमानवी शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थां’च्या कथा. त्या उद्या कोणी चित्रांत आणायच्या ठरवल्या, तर वरचे सगळे प्रश्न तसेच समोर येतील. धारपांचे भय बरेचसे न दिसणाऱ्या गोष्टींवर उभे आहे, आणि चित्राचा धर्म दाखवण्याचा. अशा वेळी चित्रकार कोण, याच्याही आधी एक निर्णय घ्यावा लागेल: जुनी कथा जशीच्या तशी रेखाटायची, की त्याच जगात चित्रासाठीच जन्मलेली नवी कथा शोधायची. शिकागो आणि लंडन या दोन्ही शहरांतील अनुभव दुसऱ्या वाटेच्या बाजूने साक्ष देतो.