छातीतली कळ : आधी ईसीजी, मग मशीन

झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांना डॉक्टर सीपॅप मशीन देतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियाच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय जगापुढे ठेवला. मास्कमधून दाबाने येणारी हवा घसा उघडा ठेवते. काहींच्या पोटातही ती हवा जाते. मग सकाळी पोट फुगते, ढेकर येतात, छातीत दुखते.

पण म्हणून दरवेळी ‘गॅस आहे’ म्हणत ओवा चघळत बसू नका, असे आम्ही बंधू-भगिनींना कळकळीने सांगतो. या आजारात रक्तदाब व हृदयविकाराचाही धोका असतो. आधी ईसीजी काढा. कळ हातात, जबड्यात गेली, घाम फुटला, तर तात्काळ १०८ ला फोन करा. रोज बुडेल म्हणून थांबू नका. कर्ता माणूस गेला तर घर बुडते.

हृदय ठीक निघाले, तर मास्क व हवेचा दाब डॉक्टरांकडून तपासून घ्या. मशीन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.