कार्ड कुणाच्या ताब्यात?

नगरच्या सावेडीतला लग्नाची शूटिंग करणारा एखादा स्टुडिओ घ्या. एका सीझनमध्ये कित्येक टेराबाइट चित्रीकरण साठतं. ते ठेवायला आठ डिस्कचा फाइल सर्व्हर हवा, हिशेबाला विंडोज हवं, शिवाय सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. तीन यंत्रं घेण्याऐवजी एकच दणकट यंत्र घेऊन त्यावर प्रॉक्समॉक्ससारखा हायपरव्हायजर टाकला, तर त्याच्या पोटात तिन्ही संगणक सुखाने नांदतात.

फाइल सर्व्हर मात्र हट्टी. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रूनॅस या प्रणालीतली झेडएफएस ही फाइल सिस्टीम वाचलेला प्रत्येक ब्लॉक चेकसमने पडताळते, त्यामुळे डिस्क आणि तिच्यामध्ये आडपडदा असलेला तिला परवडत नाही. म्हणून डिस्क ज्या कार्डाला जोडतात ते अख्खं कार्डच आभासी सर्व्हरच्या हवाली करतात. हाच पासथ्रू. आणि इथे जे घडतं ते मला संगणकातलं सर्वांत देखणं काम वाटतं.

डिस्कचं कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितं. याला डीएमए म्हणतात. पंचाईत अशी, की आभासी सर्व्हर समजतो आपली मेमरी शून्य पत्त्यापासून सुरू होते. खरी रॅम तर भलतीकडेच, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. सर्व्हरने सांगितलेला पत्ता कार्डाने खरा मानला, तर ते शेजारच्या विंडोजच्या मेमरीवर लिहून मोकळं होईल. तसं होत नाही, कारण वाटेत आयओएमएमयू बसलेलं असतं. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी म्हणतं एएमडी-व्हीआय. कोष्टकात खरा पत्ता पाहून ते प्रत्येक लिखाण योग्य जागी वळवतं, परवानगी नसलेलं अडवतं. आठ डिस्क मिळून सेकंदाला १.६ गीगाबाइट देत असतील, तर मेमरीच्या ४ किलोबाइटच्या पानांच्या हिशेबाने ही सेकंदाला सुमारे ४ लाख पानं झाली! कार्डाला याची गंधवार्ताही नसते.

भंडारदरा धरणाच्या आवर्तनावर शेती करणाऱ्यांना पुढचा भाग पटकन कळेल. पाटकरी ज्याची पाळी त्याच्याच शेताला पाणी सोडतो. पण एकाच चारीवरच्या दोन शेतांमध्ये दारच नसेल, तर एकट्याला पाणी देणार कसं? मदरबोर्डवरही ज्या उपकरणांची आपसातली वाहतूक अडवता येत नाही, त्यांचा एक आयओएमएमयू गट धरतात. डिस्कच्या कार्डाच्या गटात यजमानाचं, म्हणजे हायपरव्हायजर चालवणाऱ्या मूळ यंत्राचं, नेटवर्क कार्ड निघालं की पासथ्रू अडला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून पाहावं. एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच गट फुटल्याचं दाखवतो, पण दार काही बसवत नाही. लोकांच्या लग्नांची एकमेव प्रत असलेल्या यंत्रावर तो नकोच.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न: कार्ड आत्ता कुणाच्या ताब्यात आहे? एलएसआयचं ९२११-८आय हे अशा कामातलं जुनं, खात्रीचं कार्ड. आधी बायोसमध्ये व्हीटी-डी चालू आहे का बघा. मग यजमानावर 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. कार्डाच्या नावाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येते. तिच्यापुढे एमपीटी३एसएएस असेल, तर यजमानाने कार्ड अजून धरून ठेवलंय. व्हीएफआयओ-पीसीआय दिसलं, म्हणजे सुटलं. आभासी सर्व्हर सुरू होतानाच अडकत असेल, तर कार्डावरचा बूट रॉम त्याच्यापासून लपवा. कार्डात डिस्क एकत्र बांधणारं रेडचं फर्मवेअर असेल, तर त्या जशाच्या तशा पुढे देणारं आयटी मोडचं घाला. सर्व्हरची रॅमही पूर्ण राखून ठेवावी लागते. कार्ड कुठल्याही क्षणी कुठल्याही पानावर लिहील, म्हणून पान जागचं हलवून चालत नाही.

कधी दोष पासथ्रूचा नसतोच. हे कार्ड सर्व्हरच्या जोरदार पंख्यांच्या वाऱ्यासाठी बनलेलं. नगरच्या मे महिन्यात साध्या कॅबिनेटमध्ये ते भाजून निघतं आणि डिस्क मधूनच गायब होतात. हीटसिंकवर छोटा पंखा लावला की बऱ्याचदा भागतं.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळा. यजमान आणि आभासी सर्व्हर, दोघांनी एकच झेडएफएस पूल, म्हणजे डिस्कचा संच, एकाच वेळी उघडला, तर तो कायमचा बिघडू शकतो. तेव्हा व्हीएफआयओची ती ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भरलेल्या डिस्क कार्डाला जोडू नका, आणि चित्रीकरणाची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवाच.