मुंबई-ठाण्यांतील युद्धविरोधी चळवळ मागें कां पडली ?

जहाल चळवळी निस्तेज कां होतात, या प्रश्नाचा निर्णय मतांपेक्षां मित्यांवरून करावा. २ ऑक्टोबर १९३९ रोजीं मुंबईच्या सुमारें ९०,००० कामगारांनीं युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. कम्युनिस्टांच्या मतें तें युद्ध साम्राज्यशाहीचें होतें. २२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली. वर्ष संपण्याच्या सुमारास तेंच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरलें. जुलै १९४२ मध्यें सरकारनें पक्षावरील बंदी उठविली. ऑगस्टांत ‘चले जाव’चा वणवा पेटला, तेव्हां हा पक्ष संप टाळण्याचा उपदेश करीत होता. गिरणींतील जिणें पालटलें नव्हतें. पालटली होती ती दूरची रणभूमि. निर्णयाचें कारण अनुयायांच्या अनुभवाबाहेर गेलें, कीं त्यांची श्रद्धा ढळते.

याचा व्यतिरेकहि जवळच सांपडतो. जानेवारी १९४५ मध्यें शीळफाट्याहून फार दूर नसलेल्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. पुढें त्याच वर्षीं गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं उंबरगांव-डहाणूकडील वारली वेठीविरुद्ध उठले. पक्ष तोच, परंतु येथें दुःख घरचें होतें, म्हणून चळवळ रुजली.

असो. आपल्या भागांतील जुन्या पेट्यांत त्या काळचीं हस्तपत्रकें निघाल्यास तीं रद्दींत घालूं नयेत. पत्रक जून १९४१ च्या अलीकडचें कीं पलीकडचें, हें आधीं ठरवावें. मितीवांचून तें मुकें होय.