जागतिक व्यापार संघटना आणि मोंढ्यातील सोयाबीन

मुखेड तालुक्यातील शेतकरी सोयाबीन घेऊन उदगीरच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात जातो. भाव का उतरला असे विचारल्यास आडत्या म्हणतो, "बाहेरचे तेल आले." मग कोणीतरी जागतिक व्यापार संघटनेचे नाव घेतो आणि विषय तेथेच संपतो. शेतकरी बंधूंनो, ही संघटना काय करते व काय करू शकत नाही, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जिनिव्हा येथे मुख्यालय असलेली ही संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली. भारत तिचा संस्थापक सभासद आहे. ती माल विकत घेत नाही, कोणत्याही पिकाचा भाव ठरवीत नाही. सभासद देशांनी आपसात मान्य केलेले नियम ती सांभाळते. त्यांपैकी आयात शुल्काची कमाल मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होय. भारताची ही मर्यादा पामतेलासाठी ३०० टक्के, तर सोयाबीन तेलासाठी अवघी ४५ टक्के आहे. सोयाबीन पिकविणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीचीच आहे.

परंतु मर्यादा वेगळी आणि प्रत्यक्ष शुल्क वेगळे. मर्यादेच्या आत किती शुल्क लावायचे हे दिल्लीत ठरते. कच्च्या सोयाबीन तेलावरील मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणण्यात आले. दोन्ही आकडे ४५ च्या आतले, म्हणजे जिनिव्हाने यासाठी भाग पाडले नव्हते. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे हा हेतू गैर नाही; मात्र त्याची झळ मोंढ्यात कोणाला बसते हे आपण जाणताच. तेव्हा शुल्काबाबत निवेदन द्यावयाचे असल्यास ते केंद्र सरकारकडेच द्यावे.

आता तंट्यांविषयी. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली व ती जिंकली. तरीही वाद मिटायला २०१४ साल उजाडले. अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो मिटविला. निकाल अमलात आणण्यासाठी संघटनेकडे फौजदार नाही. हरलेला देश ऐकत नसेल तर जिंकलेल्या देशाला त्याच्या मालावर जादा शुल्क लावण्याची परवानगी मिळते, एवढेच. लहान देशाला तिचा उपयोग किती होणार? त्यातच अमेरिकेने नवीन सदस्यांच्या नेमणुका अडविल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प झाले.

याचा फायदा आपणही घेतला आहे. ऊस व साखरेस दिलेल्या मदतीबाबत ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये भारताविरुद्ध निकाल लागला. भारताने अपील केले, पण ते ऐकण्यास मंडळच उरले नव्हते.