खूणगाठ कागदावरची

एखादे काम विसरू नये म्हणून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया पदराच्या टोकाला गाठ मारीत. काहीतरी करावयाचे आहे, एवढे ती गाठ सांगे. काय करावयाचे आहे, ते मात्र पुन्हा आठवावेच लागे. आज लेखणी आपल्या हाती आली आहे. तरीही आपण बऱ्याच गोष्टी अजून मनाच्याच पदराला बांधून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला नाही. तिच्या पालकांनी, तिने आणि आम्हीही ती तारीख लक्षात ठेवली होती. लिहून मात्र कोणीच ठेवली नव्हती. बोल लागला तो त्या मुलीच्या 'निष्काळजीपणा'ला.

वास्तविक विस्मरण हा मनाचा स्वभाव आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठांतरानंतरच्या पहिल्या तासातच विसरण्याचा वेग सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. पुढे करावयाच्या कामांचे तर आणखी कठीण. ती योग्य वेळी व योग्य स्थळी आठवावी लागतात. औषध आणावयाचे आहे हे रात्री अंथरुणावर आठवून काय उपयोग?

यादी ही मंदबुद्धीची कुबडी आहे, असे कोणी समजू नये. ऑक्टोबर १९३५ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे बोइंगचे एक नवे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक अनुभवी होते. परंतु उभ्या विमानाची सुकाणू-पाती वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला अडसर उड्डाणापूर्वी काढावयाचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांच्या हाती लेखी तपाससूची आली. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियागृहासाठीही अशीच १९ बाबींची सूची तयार केली.

आपल्या घरी काय करता येईल? सर्व कामांसाठी एकच वही ठेवावी; चिठ्ठ्या अनेक झाल्या की त्याही हरवतात. नुसते 'दाखला' असे न लिहिता 'सोमवारी अकरा वाजता तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज देणे, सोबत शिधापत्रिका' असे लिहावे. अखेरची तारीख दिनदर्शिकेवर दोनदा नोंदवावी : एकदा त्या दिवशी, एकदा आठ दिवस आधी. रोजची गोळी दात घासण्यासारख्या ठरलेल्या सवयीला जोडावी आणि घेताच खूण करावी, म्हणजे ती चुकूनही दोनदा घेतली जाणार नाही. भ्रमणध्वनीवर गजर लावल्यास त्याला कामाचे नाव द्यावे व काम होईपर्यंत तो बंद करू नये. रात्री वही पाहून उद्याची तीनच महत्त्वाची कामे निवडावीत.

मात्र घरातील ज्येष्ठ व्यक्ती ओळखीच्या वाटेवर चुकू लागली, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागली, तर केवळ वहीवर विसंबू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता आमच्या भोजनगृहाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर प्रत्येक अर्जाची तारीख, लागणारी कागदपत्रे आणि जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिलेले असते. जेवावयास येणारे प्रत्येक मूल तो वाचते. कोणाला बोल लावण्याची वेळ येऊ नये, यासाठी एवढा खडू आपण सर्वांनीच झिजवावयास हवा.