जमैकन रम : खिशाला हलकी, चवीला तगडी!

रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. ओल्ड मंक, कोला, बर्फ आणि खारे शेंगदाणे. त्या जोडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण घरी चार मित्र बोलवून कॉकटेल्सचा बेत करायचा असेल, तर एक पर्याय आपण उगाच विसरतो : जमैकन रम.

प्रश्न अगदी प्रॅक्टिकल आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला फक्त 2 लिटर दारू ड्युटी फ्री आणता येते. ‘काय आणू रे?’ असा फोन आला की आपण डोळे झाकून ‘सिंगल माल्ट’ म्हणतो. त्या कोट्यातली एक बाटली रमवर घालवायची का? हे ठरवायला मी ॲपलटन इस्टेट सिग्नेचर चाखून पाहिली. 40 टक्के अल्कोहोल आणि अमेरिकेत साधारण 20 ते 25 डॉलर किंमत. म्हणजे बऱ्याच सिंगल माल्टच्या निम्म्याहूनही कमी!

वास कुठून येतो?

जमैकन रमची खरी गंमत वासात आहे. साखर काढून झाल्यावर उरणारी काळी, चिकट मळी आंबवायची आणि मग तिचं ऊर्ध्वपातन करायचं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून गाडीने गेला असाल, तर मळीचा वास तुमच्या ओळखीचा असेल. जमैकातल्या काही डिस्टिलऱ्या हे आंबवणं मुद्दाम लांबवतात. त्यातून एस्टर नावाची सुगंधी संयुगं तयार होतात. पिकलेल्या केळ्याचा, अननसाचा घमघमाटही एस्टरचाच. मग पॉट स्टिल, म्हणजे तांब्याचं भलंमोठं भांडं. त्यात एकेक घाणा काढला जातो आणि हा वास टिकून राहतो. उंच कॉलम स्टिलमधून मात्र हलकी, सौम्य दारू निघते. सिग्नेचरमध्ये दोन्हींचं मिश्रण आहे. हॅम्पडन इस्टेटच्या रमचा भपकारा ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ही पहिली पायरी.

ही रम बनते सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या नसाऊ खोऱ्यात. लेबलवर 1749 हे साल अभिमानाने मिरवतं. त्या काळी तिथल्या मळ्यांमध्ये राबणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते आणि जमैकात त्यांना पूर्ण मुक्ती मिळाली ती थेट 1838 मध्ये, हेही लक्षात असू द्या. ब्लेंडची सूत्रं 1997 मध्ये जॉय स्पेन्स यांच्या हाती आली. या उद्योगातल्या त्या पहिल्या महिला मास्टर ब्लेंडर!

नुसती, की मिसळून?

आधी नीट. नाकाला संत्र्याची साल, जास्त पिकलेलं केळं, थोडी काकवी. जिभेवर गोडसर सुरुवात, मग लाकडाचा तुरटपणा. शेवट मात्र पटकन संपतो आणि घशाला जरा चटका देतो. निवांत घुटके घेत बसावं अशी ही रम नाही. खोटं कशाला बोलू?

मग डायकिरी. हे कॉकटेल मूळचं क्युबाचं आणि तिथे ते हलक्या पांढऱ्या रमने करतात. मी शेजारी तसाही एक ग्लास केला. पांढऱ्या रमचा ग्लास छान, पण लिंबापुढे रम बिचारी गप्प. जमैकनवाल्या ग्लासात लिंबू, साखर, बर्फ सगळं असूनही केळं आणि संत्रं ठणकावून बोलत होते. मघाशी टोचणारा चटका लिंबाने गुंडाळून टाकला.

हे काही नवं नाही. 1944 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ‘ट्रेडर व्हिक’ बर्जरॉन यांनी माय ताय बनवलं, तेही 17 वर्षं जुन्या जमैकन रमभोवतीच. रमची चव झाकायची नाही, उठवायची, हा त्यामागचा विचार. म्हणूनच कोल्यात ही रम बुडवू नका. जिंजर एल आणि लिंबाची फोड बास!

थोडक्यात, नुसती प्यायला दुसरी काही आणा. पण शेकर बाहेर काढणार असाल, तर कोट्यातली एक बाटली हिच्या नावावर लिहून टाका.

घरी करून बघा

*डायकिरी :* रम 60 मिली, ताज्या लिंबाचा रस 20 मिली, साखरेचा पाक 20 मिली. भरपूर बर्फासोबत 12 ते 15 सेकंद जोरात हलवा आणि गाळून थंडगार ग्लासात ओता.

*प्लांटर्स पंच :* जुना हिशोब सोपा आहे. 1 भाग आंबट, 2 भाग गोड, 3 भाग रम, 4 भाग पाणी-बर्फ. वरून जायफळ किसा.

आणि हो, महाराष्ट्रात रमसाठी वय 25 पूर्ण हवं आणि परमिटही. परतीला टॅक्सीच करा. चिअर्स!